पर्वतीपासून संसदेपर्यंत : काकासाहेब गाडगीळ
(धायरी येथे दिलेल्या व्याख्यानावरून)



सिंहगड रस्त्याने पुण्यात शिरताना पर्वतीची टेकडी सामोरी येते. तेथील मंदिराची दारे एके काळी अस्पृश्य मानलेल्या समाजाला बंद होती. ऑक्टोबर १९२९ मध्ये मंदिरप्रवेशासाठी तेथे सत्याग्रह झाला, तेव्हा सत्याग्रहींवर दगडफेक झाली. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्या या लढ्याला साथ देणाऱ्यांत पुण्यातील एक ब्राह्मण वकील होते. ते म्हणजे नरहर विष्णू तथा काकासाहेब गाडगीळ.

त्यांचा जन्म १८९६ चा, मध्य भारतातील मल्हारगडचा. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन १९२० साली ते वकील झाले आणि त्याच वर्षी काँग्रेसमध्ये आले. पुढे वकिलीपेक्षा कारावासच अधिक घडला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

ब्राह्मणेतर चळवळीचे तडफदार नेते केशवराव जेधे यांच्याशी त्यांचे जुळलेले सख्य ही त्या काळी पुण्यात नवलाची गोष्ट होती. या जोडीमुळे शहरी पेठांपुरती असलेली काँग्रेस जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत पोहोचली. १९३४ साली गाडगीळ मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले.

स्वातंत्र्यानंतर पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी व वीज ही खाती त्यांच्याकडे आली. फाळणीमुळे सियालकोटमार्गे जम्मूला जाणारी वाट तुटली होती. पठाणकोट-जम्मू रस्त्याचे तातडीचे काम त्यांच्याच खात्याने हाती घेतले. भाक्रा व हिराकूड या प्रकल्पांशीही त्यांचा संबंध आला. मात्र पर्वतीवरील दगडफेक पाहिलेला हा वकील संविधान सभेचा सदस्य होता, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम, आजचे १७ वे, त्या सभेने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संमत केले. मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदा त्यापूर्वीच, १९४७ साली केला होता.

१९५२ साली पुण्याने त्यांना लोकसभेवर पाठविले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची बाजू त्यांनी संसदेत निर्भीडपणे मांडली, पण पक्ष सोडला नाही. जेधे मात्र समितीच्या बाजूस गेले. जुन्या स्नेह्यांच्या वाटा अशा रीतीने वेगळ्या झाल्या. १९५७ च्या निवडणुकीत समितीच्या लाटेपुढे गाडगीळ पुण्यातच ना. ग. गोरे यांच्याकडून पराभूत झाले. ज्या मागणीसाठी ते स्वपक्षाशी भांडले, तिच्याच नावाने त्यांच्याविरुद्ध मते पडली!

१९५८ ते १९६२ ते पंजाबचे राज्यपाल होते. १९६४ साली ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १२ जानेवारी १९६६ रोजी त्याच पदावर असताना निधन पावले.