ट्रेडमिलला तेल कधी घातलं होतं?

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज ट्रेडमिल. हो, तीच, जिच्यावर तुमच्या घरी टॉवेल वाळत असतात.

आमच्याकडे ती बाबांसाठी घेतली. त्यांना शुगर आहे, रोज चालायचंच असतं आणि पुण्यातल्या पावसाळ्यात सकाळचं बाहेर चालणं काही खरं नाही. दोन वर्षं मशीन मस्त चाललं. गेल्या जुलैमध्ये बाबा म्हणाले, "अरे, पाय टेकला की हे अडखळतंय."

मी ठरवून टाकलं, बेल्ट सैल झालाय. ॲलन की घेतली आणि मागचे दोन्ही बोल्ट चांगले आवळले. इंजिनिअर ना मी! चौथ्या दिवशी चालता चालता बेल्ट थबकला आणि बाबा पुढे झोकांडले. हात हँडलवर होता म्हणून पडले नाहीत. सेफ्टी कीची क्लिप? ती मशीनलाच लटकत होती, शर्टाला नव्हती. आतून जळका वास येत होता.

दुरुस्तीवाले दादा आले. त्यांनी बेल्टखाली हात घातला आणि एवढंच विचारलं, "तेल कधी घातलं होतं?" मी गप्प.

तर झालं असं होतं. बेल्ट खालच्या फळीवर घासत फिरतो. मध्ये सिलिकॉन तेलाचा पातळ थर असतो. तो संपला की घर्षण वाढतं, तोच वेग राखायला मोटर जास्त करंट ओढते, तापते, आणि कंट्रोलर बोर्डावरही ताण येतो. त्यात मी बेल्ट आवळून ओझं आणखी वाढवलं. म्हणजे बग एकीकडे आणि पॅच भलतीकडे! बोर्ड बदलावा लागला. मोटर वाचली, नशीब.

आता तेलाचं. आधी मॅन्युअल बघा, कारण काही मशीनना वरून तेल घालायचंच नसतं. आमच्या मशीनला दर तीन महिन्यांनी लागतं. प्लग काढायचा, बेल्टची कड उचलायची, बाटलीची नळी शक्य तितकी मध्यापर्यंत आत घालायची आणि नागमोडी तेल सोडायचं. मग दुसऱ्या बाजूने. पाय पडतात तो मधला भाग महत्त्वाचा. नंतर पाचेक मिनिटं मशीन हळू वेगावर रिकामं फिरवायचं. शुद्ध सिलिकॉन तेलच हवं बरं का. आईने शिलाई मशीनचं तेल पुढे केलं होतं, शेजारच्या काकांनी खोबरेल. दोन्ही नको. खोबरेल थंडीत थिजतं, आणि खनिज तेलाने बेल्ट खराब होतो.

बेल्ट एका बाजूला सरकत असेल तर? डावीकडे गेला तर डावा बोल्ट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा. पावच! मग मिनिटभर फिरवून बघायचं. उजवीकडे गेला तर उजवा.

धुळीचं म्हणाल तर मोटरच्या कव्हरखाली अक्षरशः गोधडी निघाली. वर्षातून एक-दोनदा ती काढा. पण प्लग काढल्यावर लगेच हात घालू नका, कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, थोडं थांबा. आणि टीव्हीच्या एक्स्टेंशनवर ट्रेडमिल चालवू नका, प्लीज. तिला अर्थिंग असलेलं स्वतंत्र सॉकेट द्या.

आता मी कव्हरवर कागदी टेप चिकटवलाय, त्यावर तेलाची तारीख. मागच्या वेळी तारीख जवळ आली तशी बाबांनीच आठवण केली, बाटलीही तेच घेऊन आले. क्लिप ते न विसरता शर्टाला लावतात. पण अजूनही सुरुवातीची दोन-तीन मिनिटं हँडल घट्ट धरूनच चालतात.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि हो, ते टॉवेल काढा.