खांबाच्या कमरेतून ऊब

पौषातली पहाट. आखाडा बाळापूरच्या शिवारात हरभऱ्याला पाणी द्यायला निघालं की बोटं आधी आखडतात. त्यावर उपाय क्रोशाच्या सुईत आहे.

आज विणू या चार बोटं एकत्र, अंगठा वेगळा असा हातमोजा. बोटं एकमेकांना ऊब देतात, म्हणून तो पाच बोटांच्या मोज्याहून उबदार.

मध्यम जाडीची लोकर आणि ४ मिलिमीटरची सुई घ्या. मनगटाला १० साखळ्यांवर मुक्या खांबांची पट्टी विणा. प्रत्येक टाका मागच्या दोऱ्यातून घ्या, म्हणजे पट्टी ताणली जाते. साधारण ३० ओळी झाल्या की टोकं जोडा.

पट्टीच्या कडेवर ३० खांबांची एक फेरी घाला. आता उठाव. सुई खांबाच्या डोक्यात न घालता त्याच्या कमरेभोवती फिरवा. एकदा समोरून, एकदा मागून. पुढच्या फेऱ्यांत उंचावर उंच, खोलात खोल. उभ्या रेघा उठतात आणि त्यांच्या खळग्यांत हवा अडकते. ऊब टिकायला ती हवाही मदत करते.

अंगठ्यापाशी ६ साखळ्या घालून ६ खांब सोडा. बोटं झाकली की दोन-दोन टाके एकत्र करून तोंड मिटवा. मग सोडलेल्या फटीभोवती अंगठा विणा.

मोटारसायकलवर मात्र हे हातमोजे नकोत. ब्रेक-क्लचला बोटं मोकळी हवीत. आणि धुतल्यावर पिळू नका, सावलीत पसरून वाळवा.