उघड्या टपाची मोटार

टांग्याचा टप जुन्या माणसांनी तरी पाहिलेला आहे. पावसाची सर आली की टांगेवाला खाली उतरायचा, मागची कमान पुढं ओढायचा आणि सर गेली की पुन्हा मागं लोटायचा. एक माणूस आणि दोन हात, एवढ्यावर काम भागे. मोटारी निघाल्या तेव्हा त्याही बहुतेक उघड्याच असत, वर कापडी टप. पुढं 1920 नंतरच्या दहाएक वर्षांत बंद पत्र्याच्या मोटारी स्वस्त झाल्या, लोकांना धूळपाऊस नकोसा झाला, आणि उघडा टप ही गरज न राहता हौस झाली. आज बोलायचं आहे ते या हौसेविषयी. कळ दाबली की ज्या मोटारीचा टप आपोआप उघडतो आणि मिटतो, त्या मोटारीविषयी.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, हा विषय मुंबईच्या शेटजींचा, आमच्यापुढं कशाला? तर आमचं लोणी काळभोर आता पूर्वीचं राहिलेलं नाही. पुण्याच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्यावरचं हे गाव. नदीकाठी ऊस होता, अजूनही आहे. पण तेलाच्या टाक्या आल्या, टँकरची रांग आली. सिनेमातले राज कपूर यांची राजबाग इथंच मुळा-मुठेच्या काठी होती, तिथं आता विद्यापीठाच्या इमारती आहेत. जमिनीला भाव आला, आणि ज्या घरात सायकलचा पंक्चर काढायला चार आणे मोजून देत, त्या घरात मोटारी आल्या. तेव्हा विषय आपलाच आहे.

माझ्या थोरल्या बंधूंच्या मुलानं अशीच एक गाडी घेतली. दुसऱ्या हाताची, निळी, परदेशी बनावटीची आणि दोनच माणसांची. पैसे रस्त्यात गेलेल्या जमिनीचे. दादांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एवढंच विचारलं, “आन् तुझ्या आईला कुठं बसवायचं?” पोरगं काही बोललं नाही. त्यानं कळ दाबली. काचा चार बोटं खाली सरकल्या, टप कमानीसारखा उभा राहिला, घडी पडली आणि पाठीमागच्या कप्प्यात जाऊन बसला. वीस-बावीस सेकंदांचं काम. दारात जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. दादा गोठ्याकडे निघून गेले.

हे होतं कसं, ते शाळामास्तरांनी मुलांना जरूर सांगावं. टपाच्या मागं एक विजेची लहान मोटर असते. ती पंप फिरवते, पंप तेल दाबतो, आणि ते तेल नळ्यांतून दोन्ही बाजूंच्या नळकांड्यांत जाऊन दट्ट्या पुढं ढकलतं. बस्स. आपली डंपिंगची ट्रॉली याच तत्त्वावर उचलते. फ्रान्समधल्या पास्काल या पंडितानं सतराव्या शतकात हा नियम मांडला. औषधाच्या दोन पिचकाऱ्या, एक लहान आणि एक मोठी, सलाइनच्या नळीनं जोडा, आत पाणी भरा. लहान पिचकारी दाबली की मोठी जोरानं वर येते. वर्गात फारसा खर्च नाही.

अवघड आहे ते पुढं. टपाच्या प्रत्येक सांध्याशी एक बारीक स्विच असतो. “माझं काम झालं, आता पुढचा” असा निरोप तो डब्यातल्या यंत्राला देतो. एका स्विचनं निरोप दिला नाही की सगळं जागच्या जागी थांबतं. सामानाच्या कप्प्यात टपासाठी एक पडदा लावायचा असतो, तो नीट अडकवला नाही तरी टप हलत नाही. एकदा आमच्या पुतण्यानं हडपसरहून मेथीच्या दोन गड्ड्या जास्त आणल्या, आणि तेवढ्यावर ही लाखांची गाडी रुसून बसली. लोक हसतात, पण यंत्राचं बरोबर असतं. टप खाली आला असता तर मेथी तर गेलीच असती, मागची काचही गेली असती.

या खटपटीला फार जुना इतिहास आहे. फ्रान्समध्ये झॉर्ज पॉलँ नावाचे दातांचे डॉक्टर होते. पत्र्याचं अख्खं छत मागच्या पेटीत दडवण्याची युक्ती त्यांनी काढली, आणि 1934 च्या सुमारास प्यूजो कंपनीच्या मोटारींवर ती आली. प्यूजोच्या 402 मोटारीवर ते छत आधी विजेवर चालत होतं. 1936 मध्ये कंपनीनं तिथं हातानं हलवायचं छत दिलं. एवढं सगळं करून पुन्हा टांगेवाल्याच्या हातावर आले म्हणायचे! पॉलँ पुढं जर्मनांविरुद्धच्या गुप्त लढ्यात सामील झाले आणि 1942 मध्ये त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. अमेरिकेत फोर्ड कंपनीनं 1957 ते 1959 या तीन वर्षांत पत्र्याच्या सरकत्या छताच्या अठ्ठेचाळीस हजारांवर मोटारी काढल्या. त्या एका छतासाठी सहाशे फुटांवर तार आणि सात मोटरी होत्या. तीन वर्षांनी तो नाद सोडला. आपल्याकडे गोव्यात वेर्ण्याला सान स्टॉर्म नावाची दोन माणसांची उघडी मोटार निघाली होती, फायबरच्या अंगाची. तिचा टप हातानंच काढायचा. मला विचाराल तर त्या लोकांना व्यवहार कळत होता.

आता आमच्या निळ्या गाडीकडे येऊ. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षी आषाढात सोलापूर रस्त्यावर टप अर्ध्यावर अडकला. वर पाऊस, आजूबाजूला टँकर, आणि टप धड उभा ना आडवा. पुतण्या भिजत घरी आला. शहरातल्या एका गॅरेजनं सांगितलं, पंप गेला, अख्खा संच परदेशातून मागवावा लागेल. आणि आकडा सांगितला तो दोन जातिवंत म्हशींचा. दादा म्हणाले, “विकून टाक.” पोरगा म्हणाला, “नाही विकणार.” महिनाभर बापलेक एका ताटाला बसले नाहीत. जमीन गेल्याचं दुःख दादांनी कधी तोंडानं बोलून दाखवलं नव्हतं, ते सगळं त्या टपावर निघत होतं. वहिनी दोघांना वेगवेगळं वाढत होत्या.

शेवटी ट्रॉलीचे जॅक दुरुस्त करणारा आमच्या बाजूचा फिटर बोलावला. त्यानं असली गाडी जन्मात पाहिली नव्हती. त्यानं टप हातानं मिटवला. त्याची सोय गाडीत असतेच, पुस्तकात लिहिलेली असते. मग मागच्या कोपऱ्यात हात घातला आणि म्हणाला, “गुरुजी, हितं विहीर हाय.” टपावरचं पाणी वाहून जायला दोन्ही कोपऱ्यांत करंगळीएवढी भोकं असतात, तिथून रबरी नळीनं पाणी खाली मागच्या चाकाजवळ पडतं. गाडी चिंचेखाली उभी असे. चिंचेचा पाला तुम्हाला ठाऊकच आहे, तांदळाएवढा. त्यानं भोक बुजलं, पाणी तुंबलं, आणि या गाडीत पंपाची मोटर नेमकी त्या खळग्याच्या तळाशी. पाणी उपसणाऱ्या मोटरी आपण जळलेल्या पाहतो. ही पाण्यात बुडून गेली.

गावातल्या वाइंडिंगवाल्यानं ती उघडली, गंज घासला, कार्बन आणि बेअरिंग बदललं, दोन दिवस उन्हात वाळवली. टप चालू झाला. मोटर पुन्हा खाली न ठेवता वर, सामानाच्या कप्प्यात कोरड्या जागी बसवली. म्हशी वाचल्या.

कुणाला अशी गाडी घ्यायचीच असेल, तर जुनी घेताना टप लागोपाठ तीनदा उघडून मिटवून पाहा. एकदा कुणीही करून दाखवतो. मागची सतरंजी उचलून हात लावा, ओल असेल तर उठून या. ओला टप घडी करून ठेवू नका, बुरशी धरते. एंजिन चालू ठेवूनच कळ दाबा, नाहीतर बॅटरी अर्ध्यावर दगा देते. धुताना जोराचा फवारा शिवणीवर नको. आणि भोकात तार खुपसू नका, नळी फाटते. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी घ्यावी, ती वाकते.

दादा अजून त्या गाडीत बसलेले नाहीत. मात्र रोहिणी निघाल्या की शेतातल्या चाऱ्या मोकळ्या करून घरी येतात, तांब्याभर पाणी घेतात, टपाच्या कोपऱ्यात ओततात, आणि वाकून मागच्या चाकाजवळ धार पडते का ते पाहतात. डावीकडे पडली की उजवीकडे.