वास्तव चित्र आणि अमूर्त चित्र



चित्रप्रदर्शनात एक प्रश्न हमखास कानी येतो : "यात काय काढले आहे?" विचारणारा बहुधा संकोचलेला असतो. कलेतले आपल्याला काही कळत नाही, अशी त्याची समजूत होते आणि पुन्हा तो दालनाची पायरी चढत नाही. कलेचे खरे नुकसान होते ते येथे. म्हणूनच वास्तववादी आणि अमूर्त या दोन शैलींतील भेद समजून घेणे अगत्याचे ठरते.

महाराष्ट्रात वास्तववादी शैली रुजविण्याचे मोठे श्रेय १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेकडे जाते. छायाप्रकाश, यथादर्शन आणि मानवी देहाची प्रमाणे यांचा तेथे कसून अभ्यास होई. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले सा. ल. हळदणकर याच शाळेत घडले. हाती दिवा घेतलेल्या युवतीचे त्यांचे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योतीआड धरलेल्या हाताच्या बोटांतून झिरपणारा लालसर उजेड पाहताच पटतो. त्याला दुभाष्या लागत नाही.

वासुदेव गायतोंडे हेही याच शाळेचे विद्यार्थी. १९४८ साली त्यांनी पदविका मिळविली. आरंभी तेही मानवाकृती रंगवीत. पुढे आकृती विरत गेल्या. रोलर आणि रंगसुरी यांच्या साहाय्याने ते रंगाचे थर चढवीत व काढीतही. त्या थरांतून मंद उजेड वर येतो. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणण्यापेक्षा 'वस्तुनिरपेक्ष' म्हणणे त्यांना अधिक मान्य होते. हळदणकरांनी उजेड वस्तूवर पडलेला दाखविला. गायतोंडे यांनी वस्तू बाजूला ठेवून उजेडच रंगविला. शोध दोघांचाही होता.

कथाचित्रांची गरज थोडी निराळी असते. तेथे वाचकाला पात्राची ओळख पटावी लागते. तथापि 'दीपावली' अंकाचे चित्रकार दीनानाथ दलाल यांच्यासारखा कलावंत सारेच तपशील रेखाटीत बसत नाही. मोजक्या रेषांत तो व्यक्ती उभी करतो. नको ते गाळणे ही वास्तव चित्राचीही गरज आहे. अमूर्त चित्रकार त्याच वाटेने आणखी पुढे जातो, इतकेच.

ही वाट मराठी माणसाला परकी नाही. अंगणातील ठिपक्यांची रांगोळी कशाचे चित्र आहे, असे कोणी विचारीत नाही. तिची मांडणी डोळ्यांना सुखावते. वारली चित्रात दोन त्रिकोण टोकांशी जुळले की माणूस उभा राहतो. शासकीय रेखाकला परीक्षेतही वस्तुचित्राच्या जोडीला संकल्पचित्र असतेच. पहिल्यात समोरची वस्तू नीट पाहण्याची कसोटी लागते, दुसऱ्यात आकार आणि रंग यांचा मेळ घालण्याची.

तेव्हा मुलाने निळे झाड रंगविले, तर शिक्षकाने लगेच लाल रेघ ओढू नये. निळा का घेतला, हे आधी विचारावे. प्रदर्शनातील प्रेक्षकानेही चित्रासमोर चार क्षण अधिक थांबावे. रंग कोठे दाट आहेत, नजर कोठून कोठे जाते, हे पाहावे. चित्र पाहण्यासाठी पदवी लागत नाही; सवड आणि मोकळे मन पुरते.