टाळकरी आणि नवं वाद्य

श्रोतेहो, भोर-वेल्ह्याकडं भाताची लावणी उरकली, की संध्याकाळी देवळात पेटी उघडते. पखवाज लागतो, टाळ वाजू लागतात. आणि अलीकडं एक तंटाही उभा राहतो. तरुण पोरं म्हणतात, कीबोर्ड आणू या. जुनी जाणती मंडळी म्हणतात, देवाच्या दारात विलायती थेरं नकोत. हा तंटा एकट्या आपल्या गावाचा नाही. सातासमुद्रापलीकडं अमेरिकेत, डेट्रॉइट शहरात, १९६८ साली पाच गायकांपुढं असाच प्रश्न आला होता. त्यांनी काय केलं ते आज ऐकू या.

डेट्रॉइट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. दक्षिणेतल्या कापसाच्या मुलखातून असंख्य कृष्णवर्णीय माणसं पोटासाठी तिकडं गेली. आपल्या खोऱ्यांतली माणसं पुण्या-मुंबईला गेली, तशीच म्हणा. जाताना त्यांनी चर्चमधलं गाणं बरोबर नेलं. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती झेलायची. आपले बुवा आणि टाळकरी दुसरं काय करतात? हेच गाणं पुढं देवाच्या दारातून संसाराच्या सुखदुःखाकडं वळलं आणि त्याला ‘सोल’ हे नाव पडलं. सोल म्हणजे आत्मा.

अशा गायकांचा एक संच होता, ‘द टेम्पटेशन्स’. त्यातले एडी केंड्रिक्स आणि पॉल विल्यम्स हे अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम गावचे. लहानपणी चर्चच्या गानवृंदात गाणारे. डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डी यांनी १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन ध्वनिमुद्रिकांचा धंदा काढला होता. तोच पुढं ‘मोटाउन’ म्हणून गाजला. तिथं १९६५ साली या पाचजणांचं ‘माय गर्ल’ हे गाणं देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. एकसारखे कपडे, एकसारखी पावलं. एकजण गाणार, चौघे साथ देणार. घडी छान बसली होती.

पण काळ बदलला. जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइटमध्ये मोठा उद्रेक झाला. त्यात ४३ माणसं मेली. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. गोड प्रेमगीतं आता अपुरी वाटू लागली. त्याच सुमारास तरुणांत ‘सायकेडेलिक’ नावाचं नवं संगीत आलं होतं. विजेच्या यंत्रांतून वाकवलेली गिटार, लांबवलेले प्रतिध्वनी, आणि गंमत अशी की, त्यात आपल्या सतारीचा झणकारही असे! जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी इथं भरलेल्या महोत्सवात सोल गाणारे ओटिस रेडिंग आणि सतारवादक पंडित रविशंकर दोघंही होते. म्हणजे आपण ज्याला विलायती म्हणतो, त्यात आपलंही काही मिसळलेलं असतं.

टेम्पटेशन्सचे ओटिस विल्यम्स यांनी ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या नव्या संचाचं गाणं ऐकलं. आपणही असं काही करावं, असं त्यांनी संगीतकार नॉर्मन व्हिटफील्ड यांना सुचवलं. व्हिटफील्ड यांना ते आधी पटलं नाही. मग त्यांनीच बॅरेट स्ट्राँग यांच्यासह ‘क्लाउड नाइन’ हे गाणं रचलं. शब्दशः नववा ढग. आपण आभाळ ठेंगणं झालं म्हणतो, तसला अर्थ. गरिबीत वाढलेल्या, दुःखापासून पळू पाहणाऱ्या माणसाचं ते गाणं. यात नशेची भलावण आहे, असा आक्षेप काहींनी घेतला. करणाऱ्यांनी तो नाकारला. ऑक्टोबर १९६८ मध्ये मुद्रिका आली, देशाच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढली आणि १९६९ साली तिनं मोटाउनला पहिला ग्रॅमी पुरस्कार मिळवून दिला.

त्या गाण्यात डेनिस कॉफी यांच्या गिटारीचा ‘वॉव-वॉव’ आवाज आहे. शिक्षक बंधू-भगिनींनो, तो मुलांना वर्गात कळेल. एकाच सुरात ‘ऊ’ म्हणायला सांगा आणि ओठ हळूहळू उघडत ‘आ’ वर न्या. सूर तोच, रंग बदलला. गिटार वाजवणाऱ्याच्या पायाखालची कळ विजेच्या जोरावर हेच करते.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. नवं वाद्य आलं म्हणून गळे गप्प बसले नाहीत. उलट पूर्वी एक गात होता, आता पाचही जण आळीपाळीनं पुढं आले. खर्ज, मधला, उंच, प्रत्येकाच्या वाट्याला ओळ आली. एकानं टाकायची, दुसऱ्यानं झेलायची ही चर्चमधली रीत नव्या आवाजातही टिकली, वाढली.

किंमतही पडली, हे लपवून चालणार नाही. केंड्रिक्स यांचा हळुवार गळा या गजरात रमला नाही. इतरही मतभेद होते. १९७१ साली ते संच सोडून गेले.

आता आपल्या पेटीकडं पाहा. तीही मूळची युरोपातली. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये घडली आणि पुढं इकडं आली. तिचे सूर ठरलेले, मींड निघत नाही, म्हणून नभोवाणीनं १९४० साली तिला मनाई केली आणि १९७१ साली ती सैल केली. आज पेटीवाचून भजन कोणाला सुचेल का?

तेव्हा मंडळी, वाद्य कुठलं हा तंटा बाजूला ठेवा. दुसरंच विचारा. कीबोर्ड आल्यावर टाळकऱ्यांचा आवाज वाढला, की बुडाला? त्यातल्या तयार तालाच्या कळीनं पखवाजवाला घरी बसला, की त्याचा हात अधिक खुलला? गणपतीत कर्ण्यांची भिंत उभी राहते, तेव्हा गाणारं कोणीच नसतं. सगळे नुसते ऐकणारे होतात. धोका तिथं आहे. पोरांना म्हणावं, आणा कीबोर्ड; पण तयार ताल बंद ठेवा, नि प्रत्येकानं एकेक ओळ स्वतःच्या गळ्यानं म्हणा. आणि जाणत्यांनी त्या पोरांच्या शेजारी टाळ घेऊन बसावं. जो गळा हळुवार आहे, त्याच्या ओळीला वाद्य जरा खाली घ्यावं, एवढं मात्र विसरू नये.