ताणणारे कापड आणि यंत्राची सुई

(आनेकल येथे यांत्रिक भरतकाम शिकणाऱ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



आनेकल हे रेशमाच्या विणकरांचे गाव. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी माग असेल, किंवा आजोबांच्या काळी तो होता. तेव्हा कापड म्हणजे काय, याविषयीची तुमची पहिली समजूत रेशमी साडीवरून झालेली असणार: उभे धागे, आडवे धागे आणि दोन्ही एकमेकांना घट्ट धरून बसलेले. आज ज्या कापडाविषयी मला बोलावयाचे आहे, त्याला ही समजूत लागू पडत नाही. खेळाडूची जर्सी सुयांवर विणलेल्या स्वेटरप्रमाणे एकात एक अडकवलेल्या फासांची बनलेली असते. फास मात्र डोळ्यांना सहसा दिसू नयेत इतके बारीक. ओढली की ते लांबतात, सोडली की आखडतात. त्यात स्पॅन्डेक्स मिसळलेले असेल तर हा गुण अधिकच वाढतो. हा धागा 1958 मध्ये अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीतील जोसेफ शिव्हर्स यांनी तयार केला.

भरतकामाचे यंत्र याहून पुष्कळ जुने. म्यूलूझ येथे हाइलमान यांनी 1828 मध्ये हाताने चालणारे यंत्र बनविले. स्वित्झर्लंडमधील इझाक ग्रोब्ली यांचे नावेच्या आकाराचा धोटा असलेले शिफ्ली यंत्र 1863 मधले. ही यंत्रे जागचे न हलणाऱ्या कापडांसाठी घडली, आणि आपल्या हातांच्या सवयीही त्याच कापडांवर घडल्या. अडचणीचे मूळ तेथे आहे.

माझ्या स्वतःच्या चुकीची हकिगत सांगतो. एका लहानशा कारखान्यात मी पंचिंगचे, म्हणजे नक्षी टाक्यांत बसविण्याचे, काम करीत असे. जर्सीवर छातीशी गोल चिन्ह भरावयाचे होते. रेशमासाठी बसविलेली नक्षीच मी दिली, आणि फ्रेम लावणाऱ्या मुलीला बजावले की कापड ढोलकीसारखे ताणले गेले पाहिजे. "अण्णा, हे कापड सोडले की मागे जाते," असे ती एकदा म्हणालीही. मी लक्ष दिले नाही. फ्रेम काढताच कापड आखडले, टाके आखडले नाहीत, आणि चिन्हाभोवती सुरकुत्यांचे वलय उठले. गोलाचा लंबगोल झाला होता, तो निराळाच. सगळा माल परत आला. नुकसानीची रक्कम कापली गेली ती त्या मुलीच्या मजुरीतून. फ्रेम तिने लावली होती ना! मी गप्प राहिलो. एप्रिल 2016 मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या नियमावरून बेंगळूरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या, तेव्हा मला प्रथम तीच आठवली. या धंद्यात मजुरीतला प्रत्येक रुपया आधीच कशासाठी तरी मोजून ठेवलेला असतो.

आता हा बिघाड होतो कसा ते पाहू. टाक्यातील धागा घट्ट होताच तो आपली दोन्ही टोके जवळ ओढतो. म्हणून टाक्यांच्या दिशेने आकृती आखडते, आणि त्यांच्या आडव्या दिशेने कापड बाहेर ढकलले जाते. तेव्हा पंचिंग करतानाच टाक्यांच्या दिशेने गोल किंचित रुंद ठेवावयाचा, म्हणजे यंत्रावर तो गोल उतरतो. भरणीच्या आधी खाली विरळ धावदोरा घालून कापड अस्तराशी बांधून घ्यावयाचे, हेही तितकेच आवश्यक.

दुसरी गोष्ट दाटपणाची. पाच सेंटिमीटर लांबीरुंदीचा चौकोन पूर्ण भरावयाचा आहे असे धरा. 40 नंबरच्या धाग्याच्या ओळी 0.4 मिलिमीटर अंतरावर घेतल्या, तर 125 ओळी होतात. टाका चार मिलिमीटरचा धरला, तर सुई दीड हजारांहून अधिक वेळा खाली जाते. अंतर 0.5 केले की हाच आकडा साडेबाराशेवर येतो. तीनशे छिद्रे वाचली! पातळ जर्सीला ती फार मोलाची असतात.

सुई गोल टोकाची हवी. ती फास बाजूला सारून वाट काढते. अणकुचीदार सुई तो तोडू शकते, आणि तुटलेला एक फास शेजारच्यांनाही उसवीत नेतो. असे भोक पुष्कळदा कारखान्यात दिसतच नाही. दोनचार धुण्यांनंतर दिसते. सुई 70 नंबरची, म्हणजे 0.7 मिलिमीटर जाडीची असली की बहुधा पुरते. यंत्राचा वेगही थोडा उतरवावा.

फ्रेममध्ये ताणावयाचे ते अस्तर. जर्सी त्यावर चिकटद्रव्याने नुसती, न ओढता, बसवावयाची. अस्तर कात्रीने कापून काढण्याच्या जातीचे घ्यावे. फाडून काढण्याचे अस्तर स्वस्त पडते खरे, परंतु टाक्यांना आधार राहत नाही, आणि फाडताना कापडही ओढले जाते. जाळीदार वीण असेल तर वरून पाण्यात विरघळणारा पातळ पापुद्रा ठेवावा, म्हणजे टाके वीणीत बुडत नाहीत.

एवढे करूनही काही गोष्टी भरूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पाठीवरचा मोठा आकडा भरला तर तेथे घाम अडतो आणि ती जागा पुठ्ठ्यासारखी कडक होते, तो छापावा. फुटबॉलमध्ये तर पुष्कळदा खेळाडूंच्या जर्सीवरचे चिन्ह उष्णतेने चिकटविलेले असते, आणि चाहत्यांसाठी विकल्या जाणाऱ्या जर्सीवरचे भरलेले! भरतकाम करणाऱ्याने यात अपमान मानू नये.

त्या परत आलेल्या मालातील एक जर्सी मी जपून ठेवली होती. ती आज आणली आहे. हातोहात पुढे द्या. समोरून पाहिल्यावर ती उलटी करा, अस्तरावरून बोट फिरवा, आणि चिन्हाच्या डाव्या कडेशी कापड हलकेच ताणून पाहा. तेथे तीन फास तुटलेले आहेत.