दिल्लीतला अर्धा हार

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



मी इतिहासाचा अभ्यासक नाही. राज्य शासनाच्या बांधकाम खात्यात उपयंत्री आहे, शिक्षण डिप्लोमापर्यंत. पण कुठेही गेलो की तिथले संग्रहालय बघायचे, हा माझा नेम आहे. आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाबद्दल थोडे सांगतो. आपण इंदूरकर रात्री गाडीत बसतो, सकाळी दिल्लीत उतरतो. लाल किल्ला, कुतुबमिनार होतो, खरेदीही होते. जनपथावरची ही इमारत मात्र राहून जाते.

तिची सुरुवातही प्रवासातूनच झाली. १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनला भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे गेलेल्या वस्तू परत आल्यावर आजच्या राष्ट्रपती भवनात मांडल्या गेल्या आणि १५ ऑगस्ट १९४९ रोजी संग्रहालय सुरू झाले. आताच्या इमारतीत ते १९६० साली आले.

पहिल्यांदा जाणाऱ्याने हडप्पा दालनापासून सुरुवात करावी. पुस्तकातली ती प्रसिद्ध नर्तिका तिथे भेटते. चित्रावरून मोठी वाटते; प्रत्यक्षात उंची साडेदहा सेंटीमीटर, म्हणजे आपल्या वितीपेक्षाही कमी! त्या काळची दगडी वजनेही बघा. घोटून गुळगुळीत केलेले चौकोनी ठोकळे, लहान वजने एकाच्या दुप्पट दुसरे अशा हिशेबाने केलेली. त्यांच्या विटांचे लांबी, रुंदी, जाडीचे प्रमाण ४:२:१. साडेचार हजार वर्षांपूर्वी माप ठरवून काम करणारी माणसे होती, याचे आमच्या खात्यातल्या माणसाला कौतुक वाटणारच.

पण मला सर्वांत जास्त थांबवले ते एका हाराने. हिरवट दगडाचे आणि सोन्याचे मणी असलेला हा हार मोहेंजोदडोच्या उत्खननात मिळाला. फाळणीत वस्तूंच्या वाटण्या झाल्या, तेव्हा हाराचेही दोन भाग केले गेले. एक दिल्लीत राहिला, दुसरा पाकिस्तानात गेला. भावाभावांत आईचा दागिना तोडून वाटावा, तसे झाले.

तरीही हे दोन भाग एकाच हाराचे, हे आज आपल्याला ठाऊक आहे. का? कारण खोदताना कुणीतरी नोंद ठेवली होती. नोंद नसती, तर इकडे काही मणी आणि तिकडे काही मणी, एवढेच उरले असते.

मंडळी, मला आज हेच सांगायचे आहे. आपली घराणी होळकरांच्या काळापासून, काही त्यानंतर, इथे आली. घरोघरी मोडी कागद आहेत, जुने टाक, तांब्यापितळेची भांडी, पणजीची नथ आहे. वाटण्या आपल्याकडेही झाल्या. एक भाऊ इथे, एक पुण्याला, एक परदेशात. वस्तू कुणाकडे का असेना, ती कुणाची, कुठून आली, हे कुठे लिहिले आहे का? सांगणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. या सणात सगळे एकत्र आहेत, तेव्हा वही काढा, आजी-आजोबांना विचारा आणि लिहून ठेवा.

आणि दिल्लीला जाल, तेव्हा सोमवार टाळा, त्या दिवशी संग्रहालय बंद असते. अर्धा दिवस हाताशी ठेवा, दोन-तीन दालनेच बघा, पण पाट्या वाचत बघा. मुलांना एक वस्तू निवडून तिचे चित्र काढायला सांगा. ती वस्तू ते विसरणार नाहीत.

गणपती बाप्पा मोरया!